क्षितिजाच्या एक मूठ वर

१२ सप्टेंबर

भिंगरी,

आशीर्वाद तर आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. पाकिटावरचा पत्ता आईच्या अक्षरात आहे म्हणून तू ते उघडलं असशील. एवढी लबाडी केली आहे. आत मी आहे. चिडू नकोस, निदान पहिलं पान तरी वाच.

आईकडून कळलं की नवी खोली बरी आहे, फक्त खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडते. आणि कंपनीने तुला वेळापत्रकाच्या टेबलावर बसवलं आहे, कुठल्या वैमानिकाने कुठलं विमान न्यायचं ते लावायला. टेबलाच्या कामाला नावं ठेवणारा मी कोण, माझी सगळी नोकरी खुर्चीत गेली. तरी उपाशी माणसाच्या हातात दुसऱ्यांची ताटं द्यावीत तसं झालं, हे मलाही कळतं.

आमचं तबकडी खातं जोरात चालू आहे. हे नाव तूच शाळेत असताना ठेवलेलंस, आता साहेबसुद्धा चुकून तेच म्हणतात. लष्कराच्या एवढ्या मोठ्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत, एक माणूस बसून लोकांना आकाशात काय दिसलं याचा छडा लावतो, हे अजून कुणाला खरं वाटत नाही. या आठवड्यात एका तेजस्वी गोळ्याने एका मुख्याध्यापकांच्या गाडीचा घरापर्यंत पाठलाग केला. गाडी थांबली की गोळाही थांबायचा. चंद्र होता. एका जोडप्याने खिडकीतून काढलेल्या फोटोत तबकडी आली होती. मी त्यांच्या घरी गेलो, त्याच खिडकीशी उभा राहिलो आणि छताचा दिवा बंद केला. काचेतली तबकडी गेली. बाई म्हणाल्या, "तुम्ही आमची गंमत घालवलीत." नवरा म्हणाला, "असू दे, चहा तरी घेऊन जा." लोक साधे असतात गं. खोटं कुणी बोलत नाही, दिसलं तेच सांगतात. आपण फक्त त्याला नाव द्यायचं.

आई म्हणते, तुला निकालाचा राग नाही, पत्राचा आहे. तर पत्राबद्दल सांगतो. प्रकरण मिटलं की पाहणाऱ्याला आमच्याकडून एक छापील पत्र जातं. 'आपण कळवलेल्या वस्तूची चौकशी पूर्ण झाली. सदर वस्तू अमुक असल्याचे आढळले. आपल्या दक्षतेबद्दल आभार. याविषयी पुढील पत्रव्यवहार करू नये.' अमुकच्या जागी मी हाताने लिहितो आणि सही करतो. तुझ्या पत्रात 'शुक्र ग्रह' लिहिलं आणि हुद्द्यासकट सही केली. तेच पत्र सगळ्यांना जातं, तुला वेगळं कुठून पाठवू? खाली 'बाबा' लिहिलं असतं तर ऑफिसात हसले असते.

पुढील पत्रव्यवहार करू नये, हे मात्र तू फारच मनावर घेतलंस.

कागदावर गोष्ट एवढीच आहे. एप्रिलमधल्या एका पहाटे तू विमान पूर्वेकडे वर चढवत होतीस. शेजारचा वैमानिक यंत्रांत डोकं घालून होता. समोर तुला एक चमकता गोळा दिसला, तो अंगावर येतोय असं वाटून तू विमान एकदम उजवीकडे वळवलंस. मागे हवाई सेविका नुकतीच उभी राहिली होती, ती आपटून तिचं मनगट मोडलं. काही प्रवाशांना लागलं. गोळा रडारवर दिसला नाही, पुन्हा कुणालाही दिसला नाही. ऑगस्टमध्ये सुनावणी झाली, आमच्या खात्याने शुक्र सांगितला, आणि ग्रहाला बिचकून विमान वळवणाऱ्या वैमानिकाला उडू देता येत नाही असं समितीने ठरवलं. यात कुणाचं काय चुकलं?

डिसेंबरात तुमच्या संघटनेने फेरसुनावणी मागितली आहे असं ऐकतो. तिथेही तेच ठरलं तर परवाना कायमचा जाईल. मला साक्षीला बोलावलं आहे. माझं ऐकशील तर फार ताणू नकोस. झालं ते झालं.

बाबा


२८ सप्टेंबर

भिंगरी,

पाकीट परत आलं नाही. टपालखात्यावर माझा विश्वास आहे, म्हणजे ते तुझ्याकडे आहे. उघडलेलं की मिटलेलं, ते तू जाणे.

काल गच्चीवर गेलो होतो. कपडे काढायला, दुसरं काही नाही. तिथे मला तू दिसलीस, एवढीशी, परकरी पोर, एक डोळा मिटून हात ताठ पुढे केलेला. आठवतं का? हात लांब करायचा, मूठ वळायची, तिचा खालचा काठ क्षितिजावर टेकवायचा. वरच्या काठाशी जे असेल ते एक मूठ वर. लोकांना अंश समजत नाहीत, मूठ समजते. खात्यात ही पद्धत मीच आणली. कुणाकडेही चौकशीला गेलो की आधी हात पुढे करायला लावतो. तुझी मूठ लहान पण हातही लहान, त्यामुळे तुझं आणि माझं उत्तर एकच यायचं. याचं तुला केवढं नवल वाटायचं.

एक गोष्ट तुला माहीत नसेल. वैमानिकांचे जे अहवाल आमच्याकडे येतात त्यांवर पाहणाऱ्याचं नाव नसतं. वरच्या मजल्यावर नाव झाकून कागद खाली येतो, म्हणजे पाहणारा जुना वैमानिक आहे की नवखा हे बघून माझं मत बदलायला नको. चांगला नियम आहे. एप्रिलमध्ये तो अहवाल माझ्या टेबलावर आला आणि दुसऱ्याच ओळीत होतं: 'गोळा समोर, किंचित डावीकडे, क्षितिजाच्या एक मूठ वर. दिसल्यापासून जागा न बदलता मोठा होत होता.'

वैमानिक अंशांत लिहितात. मुठीत लिहिणारी एकच आहे.

त्याच क्षणी उठून वर जायला हवं होतं. साहेब, हा कागद माझ्या मुलीचा आहे, दुसऱ्या कुणाला द्या, एवढंच म्हणायचं होतं. मी चहा मागवला. चहा गार होईपर्यंत तो कागद वाचत बसलो. मग काही दिवसांनी शेरा लिहिला: 'शुक्र ग्रह. आकार वाढल्याचा भास भीतीमुळे.'

भीतीमुळे, असं लिहिलं मी. तू पहिल्यांदा एकटी विमान घेऊन वर गेलीस त्या दिवशी मला बाकावर बसून पाणी प्यावं लागलं होतं, आणि तू उतरून काय म्हणालीस, तर "बाबा, भूक लागली." त्या मुलीबद्दल मी भीती हा शब्द लिहिला. आणि जागा न बदलता मोठी होणारी वस्तू थेट आपल्याकडे येत असते, हे सायकल शिकवताना मीच तुला सांगितलं होतं. समोरून येणारी गाडी बाजूला सरकत नसेल तर तू सरक, म्हणून ओरडत मागे धावायचो.

शेरा वर गेल्यावर मग साहेबांना सांगितलं की ही माझी मुलगी. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, "स्वतःच्या मुलीविरुद्ध लिहिलंत? अशी माणसं आहेत म्हणून खातं आहे." सुनावणीत तर तू ऐकलंसच. खुद्द बाप म्हणतोय, मग शंका कसली घ्यायची. समितीच्या अध्यक्षांनी कसूर ठेवायची नाही म्हणून त्या आठवड्यात स्वतः पहाटे उठून पाहिलं. पूर्वेला शुक्र होता, झगझगीत, तू सांगितलास तसाच. त्यांची खात्री पटली.

त्यांनी ऑगस्टात पाहिलं.

याच्यापुढे लिहिणार होतो, पण आई हाक मारते आहे.

बाबा


१७ ऑक्टोबर

भिंगरी,

आई हाक मारत नव्हती. ती त्या संध्याकाळी शेजारी गेली होती. मी पेन खाली ठेवलं आणि उठलो, एवढंच. इतक्या बारीकसारीक बाबतीत खोटं बोलण्याची मला सवय लागली आहे, हे पत्र टाकून आल्यावर लक्षात आलं.

तर लिहितो. शुक्र एप्रिलमध्ये पहाटे नव्हता. तो संध्याकाळचा होता, पश्चिमेला, सूर्य बुडाल्यावर दिसायचा. जूनमध्ये तो सूर्याच्या उजेडात हरवला आणि त्यानंतर पहाटे उगवायला लागला. लोकांना वाटतं शुक्र म्हणजे पहाटेचाच. तो काही महिने सकाळी असतो, काही महिने संध्याकाळी, पण रोज वर पाहणाऱ्यालाच हे ठाऊक. सुनावणीच्या त्या खोलीत ठाऊक असलेली माणसं दोन होती. एक तू आणि एक मी.

तू पाहिलास तो फुगा होता. फुगेकाकाचा.

अहवाल आला की माझा पहिला फोन हवामान केंद्रावर जातो, तुला माहीत आहे. रोज पहाटे फुगेकाका पांढरा फुगा सोडतो, त्याला खाली वारा नि तापमान मोजायची पेटी बांधलेली असते, आणि सोडण्याआधी विमानतळाच्या टॉवरला कळवायचं असतं, म्हणजे त्या वेळी ते विमानं लांब ठेवतात. मी विचारलं तर म्हणाला, "वेळेवर सोडला रे. तोपर्यंत तो कुठल्या कुठे गेला असेल." फोन ठेवला. संध्याकाळी तो घरी आला. आई बाजारात होती. तो आत येईना, दारातच उभा.

"अरे, वेळेवर नव्हता सोडला."

मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"डोळा लागला माझा. ही रात्रभर कण्हत होती, पाठीचं दुखणं. जाग आली तेव्हा उजाडायला आलेलं. टॉवरला फोन केला असता तर उशीर कळला असता. म्हणून न कळवताच सोडला. कुणाला लागलंबिगलं नाही ना?"

"एकीचं मनगट मोडलं."

त्याने दाराची चौकट धरली. आधीच्या दोन ताकिदी त्याच्या नावावर आहेतच, तिसरी म्हणजे नोकरी गेली आणि नोकरीबरोबर क्वार्टरही. काकू अंथरुणावरून उठत नाहीत. तिला घेऊन कुठे जाऊ, म्हणाला. आमची मैत्री तुझ्या जन्माच्या आधीची. फुटक्या फुग्यांचं रबर आणून तुला खेळायला देणारा तो, त्याला मी दारातून परत कसा पाठवणार? म्हटलं, जा घरी, मी बघतो.

विमानात तू होतीस हे मी त्याला सांगितलं नाही. उगाच त्याच्या जिवाला घोर नको, असा विचार केला. ऑगस्टमध्ये त्याला कळलंच. तेव्हापासून तो आमच्याकडे फिरकलेला नाही आणि मीही गेलो नाही. बाजारात एकदा समोरासमोर आलो, तर दोघांनाही एकाच वेळी भाजीचे भाव विचारायची घाई झाली.

एवढं लिहिलं तर अजून एक लिहितो. सुनावणीत अध्यक्षांनी तुला विचारलं होतं, "खात्याच्या निष्कर्षाबद्दल काही म्हणायचं आहे?" तू माझ्याकडे पाहिलंस, बराच वेळ. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत होतो, त्याच्यावर एक माशी बसली होती. तू म्हणालीस, "नाही." शुक्र एप्रिलात संध्याकाळी होता, एवढं एक वाक्य तू बोलली असतीस तर मी तिथल्या तिथे संपलो असतो. निवृत्ती तोंडावर आलेल्या माणसाला खोट्या शेऱ्याबद्दल काय मिळतं, हे तुला कळत होतं. तू स्वतःचं आकाश सोडलंस आणि बापाला वाचवलंस. मला तेव्हा हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

फेरसुनावणीत मी काय करावं, हे तूच कळव. तू म्हणशील तसं करीन.

बाबा


९ नोव्हेंबर

भिंगरी,

आई पोचली असेल. तिने मोठी बॅग नेली आहे, म्हणजे लवकर यायचा विचार दिसत नाही. तिच्या गुडघ्याच्या गोळ्या इथेच राहिल्या होत्या, त्या सोबत पाठवतो आहे. दिवसातून एकदा, जेवणानंतर.

तू काही कळवलं नाहीस ते बरंच झालं. काय करावं हे तुझ्याकडून विचारून घ्यायचं, म्हणजे पुन्हा भार तुझ्यावरच. ते पत्र टाकलं आणि घरी येईपर्यंत मला त्याची शरम वाटायला लागली.

आईला मी जेवताना सांगितलं. शुक्राचं, फुग्याचं, काकूंच्या दुखण्याचं. मला वाटलं ती रडेल नाहीतर भांडेल. तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "भावजींसाठी केलंत म्हणता?"

म्हटलं, हो.

"मग तिचं उडणं बंद झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी तुम्ही मला बाहेर फिरायला का नेलंत?"

मला आठवेना. ती सांगत गेली. मी नवा शर्ट घातला होता. नदीवरच्या पुलापर्यंत गेलो, बाकावर बसलो, आणि मी म्हणे शीळ घालत होतो. तिला वाटलं होतं, दुःखाने माझं डोकं फिरलं असेल, म्हणून ती गप्प बसली. आता तिला कळलं. बॅग भरताना एकच वाक्य बोलली, "तुम्ही तिला जमिनीवर आणलंत. घरी नाही आणता आली तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी पहाटे हवामान केंद्रावर गेलो. फुगेकाका शेडमध्ये फुगा भरत होता. मी म्हटलं, डिसेंबरात मी खरं सांगणार आहे, तुझं नाव येईल. दिलेला शब्द मोडतो म्हणून तो चिडेल, काकूंची आठवण देईल, असं सगळं मी वाटेत धरून ठेवलं होतं, त्याला काय उत्तर द्यायचं तेही. त्याने नळीची चावी बंद केली.

"त्या संध्याकाळी तू मला का नाही सांगितलंस, की विमानात भिंगरी होती?"

"तुझ्या जिवाला घोर नको म्हणून."

"थापा मारू नकोस. सांगितलं असतंस तर मी त्याच पावली साहेबांकडे गेलो असतो. ऑगस्टात कळलं तेव्हा तोंड उघडलं असतं तर तू बुडाला असतास. ती पोर माझ्या खांद्यावर बसून मोठी झाली. हे तुला माहीत होतं ना?"

मी मान हलवली.

"माहीत होतं म्हणूनच नाही सांगितलंस," तो म्हणाला आणि पुन्हा फुग्याकडे वळला. वेळ झाली होती. या वेळी त्याने टॉवरला फोन केला, माझ्यासमोर, मुद्दाम मोठ्याने.

घरी येऊन मी बसून राहिलो. स्वयंपाकघरात कुणी नाही, रेडिओ बंद. भिंगरी, मित्राचं निमित्त होतं. मला तू खाली हवी होतीस. इतकी वर्षं मी एकच काम केलं, वर गेलेल्या माणसांना काय काय दिसलं ते वाचायचं. बहुतेक वेळा तो चंद्र असतो, पक्ष्यांचा थवा असतो, दुसऱ्या विमानाचा दिवा असतो. मी लोकांना सांगतो, घाबरू नका, साधी गोष्ट आहे. पण त्या कागदांत मधूनच एखाद्यावर वैमानिकाचं रेडिओवरचं शेवटचं बोलणं उतरवलेलं असतं, आणि तो बोलणारा परत आलेला नसतो. तू उडायला लागल्यापासून मला प्रत्येक कागद तुझा वाटायचा. तू वर असलीस की मी सारखा घड्याळ बघायचो, आणि तुझा 'पोचले' म्हणून फोन आला की मी आईला ओरडायचो, की एवढी काय काळजी करतेस. एप्रिलात तो कागद खरोखरच तुझा निघाला. त्यात तू जिवंत होतीस. शुद्धीवर होतीस, बरोबर पाहिलं होतंस, बरोबर वळली होतीस. माझ्या हातात पेन होतं. एका शब्दात तू कायमची खाली येणार होतीस, आणि तो शब्द लिहायला मित्राने मला कारणही आणून दिलं होतं.

भीती होती, ते खोटं नव्हतं. ती माझी होती आणि मी ती तुझ्या नावावर लिहिली.

मी डिसेंबरात सगळं सांगणार आहे. तू काही म्हटलंस तरी आणि नाही म्हटलंस तरी. आईला गोळ्या वेळेवर घ्यायला सांग.

बाबा


१२ डिसेंबर

भिंगरी,

तू काल तिथे होतीस, तरी लिहितो, कारण तू माझ्याकडे पाहत नव्हतीस.

मी फार लवकर पोचलो होतो. बाहेरच्या बाकावर फुगेकाका आधीच बसलेला. गणवेशाला कडक इस्त्री, बूट चकचकीत, नवरदेवासारखा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मी शेजारी बसलो. बराच वेळ दोघं समोरच्या भिंतीवरची पाटी वाचत होतो, शांतता राखा. शेवटी तो म्हणाला, "ही बरी आहे. शेजारणीला बसवून आलोय." काकूंबद्दल त्याने मला सांगितलं, एवढ्यानेच मला भरून आलं.

खोली तीच होती. पाण्याचा ग्लास पण तोच असावा. मी सांगितलं, शुक्र एप्रिलमध्ये पहाटे नव्हता. अध्यक्षांचा चेहरा पडला. "पण मी स्वतः उठून पाहिला होता," म्हणाले. म्हटलं, साहेब, तुम्ही पाहिलात तो खरा होता, महिना चुकला होता. कुणीतरी हसलं. मग मी फुग्याचं सांगितलं, आणि अहवाल तुझा आहे हे मला पहिल्यापासून कळलं होतं, तेही. "असं का केलंत?" त्यांनी विचारलं. मी इतकी वाक्यं पाठ करून आलो होतो, एकही आठवलं नाही. "भीतीमुळे," एवढंच म्हणालो. लेखनिकाने विचारलं, कुणाच्या? म्हटलं, माझ्या.

मग त्यांनी तुला उभं केलं. एप्रिलमध्ये शुक्र संध्याकाळी होता हे तुम्हाला माहीत होतं का, म्हणाले. तू म्हणालीस, हो. मग ऑगस्टमध्ये तुम्ही बोलला का नाहीत? वडिलांना वाचवायचं होतं?

खरं सांगतो, त्या क्षणी मी मान खाली घातली होती, पण ऐकायला तयार होतो. ऑगस्टपासून मी याच एका गोष्टीच्या आधाराने झोपत होतो. पोरीने आपल्यासाठी केवढा त्याग केला. अपराधी वाटायचं, पण त्यात ऊबही होती. मी तुला तसं लिहिलंही.

तू म्हणालीस, "नाही."

आणि मग, "मला वाटलं, बाबा सांगतील."

 अध्यक्षांनी पुढचा कागद उलटला. मला एवढं कळत होतं, की तू त्या दिवशी माझ्याकडे इतका वेळ का पाहत होतीस. तू मला वाचवत नव्हतीस. तू माझी वाट पाहत होतीस. अध्यक्षांनी प्रश्न विचारला तेव्हाही, आणि पत्र आलं तेव्हाही, आणि या पत्रांची पाकिटं येत होती तेव्हाही. आणि मी ग्लासवरची माशी बघत बसलो.

तू निघताना फुगेकाकाजवळ थांबलीस. तो हात जोडायला लागला तर तू त्याचे हात खाली केलेस आणि काकूंची चौकशी केलीस. मी दोन पावलं पुढे आलो होतो. तू माझ्यासमोरून गेलीस. रागाने नाही, मला तसं वाटलं नाही. ओळखीच्या माणसाला गर्दीत वाट द्यावी तशी बाजूला झालीस. आईने मात्र मागे वळून पाहिलं.

तुझा परवाना परत मिळाल्याचं साहेबांनी मला संध्याकाळी सांगितलं. या वेळी ते उभे राहिले नाहीत. स्वतःहून येऊन कबूल केलं म्हणून फुगेकाकाची नोकरी राहिली, क्वार्टर राहिलं, फुगा मात्र काढून घेतला, आता तो गोदामात बसेल. माझी चौकशी लागली आहे. ती काय व्हायची ती होईल, तू त्यात पडू नकोस. खोलीची किल्ली महिनाअखेर द्यायची आहे.

प्रकरण मात्र नव्याने बंद करायला हवं आणि पाहणाऱ्याला कळवायला हवं. साहेब म्हणाले, "तुम्ही करून ठेवलंय, तुम्हीच निस्तरा." ते पत्र तुला वेगळं येईल. छापील कागदावर आहे म्हणून चिडू नकोस. या खात्यात खरी गोष्ट लिहायला दुसरा कागद नाही.

बाबा


१५ डिसेंबर

महोदया,

आपण एप्रिल महिन्यात कळवलेल्या वस्तूची चौकशी पूर्ण झाली. सदर वस्तू हवामान केंद्राने टॉवरला न कळवता सोडलेला फुगा असल्याचे आढळले.

ती आपण सांगितलेल्या जागीच होती. समोर, किंचित डावीकडे, क्षितिजाच्या एक मूठ वर. ती मोठी होत होती, कारण आपले विमान थेट तिच्याकडे जात होते. आपण विमान वळवलेत ते योग्य केलेत. आपल्या मागे बसलेली सगळी माणसे त्या दिवशी घरी पोचली.

मागील शेऱ्यात भीतीचा उल्लेख होता. ती पाहणाऱ्याची नसून चौकशी करणाऱ्याची होती. तो शेरा रद्द करण्यात येत आहे.

आपल्या दक्षतेबद्दल आभार.

या छापील मजकुराखाली नेहमी एक ओळ असते. ती मी शाईने खोडली आहे.

बाबा